आंधळं ऐकणं

टीव्हीवर काळं कापड टाकलेलं होतं आणि त्या कापडाआडून तिचे वडील बोलले. आवाज त्यांचा नव्हता. आवाज एका भारदस्त नटाचा होता. मालिकेत तो निवृत्त डॉक्टरांचं काम करायचा, आणि घसा साफ केल्याशिवाय त्याला साधं पाणीसुद्धा मागता येत नसे. पण वाक्य वडिलांचं होतं. सून रुसून खोलीत बसली आहे, सगळं घर तोंडं पाडून हिंडतं आहे, आणि डॉक्टर म्हणतात, "कुठलं तरी दार नीट लागलेलं नाही बघ. त्याशिवाय पेटी अशी अडायची नाही." आता डॉक्टरनं असं का म्हणावं? डॉक्टर नाडी म्हणेल, ताप म्हणेल. पेटी हा लिफ्टवाल्यांचा शब्द. तिचे वडील जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले. लिफ्ट अडली म्हणून बोलावणं यायचं, हे हत्यारं घेऊन धावायचे, आणि बहुतेक वेळा कुठल्यातरी मजल्यावर कुणीतरी दार अर्धवट लोटून गेलेलं असायचं. म्हणून आई रुसली की घरी हेच वाक्य. आणि वाक्य झालं की आई फणकाऱ्यानं म्हणायची, दार दर वेळी मीच लावायचं का? मालिकेत त्या वाक्यावर कुणीच काही म्हणालं नाही. पण जागा मोकळी सोडली होती. आईचं वाक्य नेमकं बसेल एवढी. मग संगीत सुरू झालं, आणि तिच्या लक्षात आलं की आपण खुर्चीतून उठून उभ्या आहोत.

कापड टाकायची पद्धत तिच्या कक्षाचीच. सरकारचं जे गुप्त माहिती काढणारं खातं, ते सिनेमा-मालिकावाल्यांना मदत करत असे. गणवेश कसा असतो, अधिकारी फोनवर कसा बोलतो, खऱ्या इमारतीच्या आवारात चित्रण कधी करता येईल, असलं. मदतीच्या नावाखाली दुसरंच काही शिजत नाही ना, हे बघायला सरकारनं एक छोटा देखरेख कक्ष काढून दिला होता: तीन खोल्या, एक निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष म्हणून, आणि ती. न्यायाधीश म्हणायचे की कुंपणानं शेत खाल्लं तर कुणी सांगायचं, म्हणून कुंपणाला कुंपण. खात्याचं नाव कक्षात कुणी घेत नसे; त्याला सगळे आजोळ म्हणत. आजोळहून चिठ्ठी आली, आजोळचा माणूस आलाय. ज्या भागाला आजोळची मदत असेल तो प्रक्षेपणाच्या आधी कक्षात यायचा, आणि तो दोनदा तपासायचा. एकदा आवाज बंद करून, त्याला मुकं बघणं म्हणत; आणि एकदा टीव्हीवर कापड टाकून, ते आंधळं ऐकणं. चित्र आणि आवाज एकत्र आले की माणूस पाघळतो, डोळे पुसत बसतो आणि नेमकं बघायचं ते निसटतं, असं न्यायाधीशांचं मत. तिला ते पटलेलं होतं. मालिकेत सुनेचा मुलगा गेला तेव्हा सगळा मुलूख रडला म्हणे. तिनं तो मरताना सकाळी पाहिला होता आणि दुपारी ऐकला होता, मधे डबा खाल्ला होता.

तिनं तेवढाच तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा. असेल, योगायोग असेल. जगात लिफ्टवाले काय एकच होते? लेखकाच्या ओळखीत कुणीतरी असेल. वडीलच बोलले असतील कुठे चहाच्या टपरीवर, आणि वाक्याला पाय फुटले असतील. माणसाला स्वतःला समजावायचं असलं की वकिलाची गरज पडत नाही. पण त्या मोकळ्या जागेचं काय करायचं? वाक्याला पाय फुटतील, पण वाक्यानंतरच्या गप्पपणाला कसे फुटतील? ती घरी निघाली तेव्हा ऊन उतरत होतं. रस्त्यावर दुकानांच्या पाट्या लागत होत्या, कुणी कुणाला हाका मारत होतं, एक बाई फोनवर हसत चालली होती. रोजचाच रस्ता, पण आज तिला पहिल्यांदा वाटलं की लोक किती मोठ्यानं बोलतात. अंगावरून कपडे काढून टाकावेत तसे शब्द टाकत जातात, आणि मागून कुणी उचलतंय का हे वळूनसुद्धा बघत नाहीत.

वडिलांना जाऊन वर्ष झालं नव्हतं. गेले तेही दुपारी, आणि घरात एकटे. ती कामावर होती, आई खाली लाँड्रीत गेली होती. लाँड्रीवाल्यानं चादर जाळली होती आणि आई त्याच्याशी भांडायला गेली होती, आणि आईचं भांडण म्हणजे काही उभ्याउभ्या आटपणारी गोष्ट नव्हे. तिनं त्याच्या बापाच्या वेळच्या चादरीसुद्धा काढल्या. वर आली तेव्हा वडील खुर्चीत होते. एका पायात सपात, दुसरी पालथी पडलेली. चेहरा दाराकडे. हाक मारली असेल का? हे आईनं एकदाच विचारलं होतं, दिवसकार्य उरकल्यावर, भांडी पुसता पुसता, कुणालाच न विचारल्यासारखं. त्यानंतर आईनं लाँड्री बदलली. पलीकडच्या चौकातल्या लाँड्रीत जाताना ती लांबचा वळसा घालून जाते, गुडघे दुखत असले तरी.

घरात शिरली तेव्हा मालिका लागलेली होती. तिनं सकाळी पाहिलेला भाग अजून लागायचा होता. आज कुठलातरी आधीचा चालू होता, तो तिनंच महिन्यापूर्वी तपासून सोडलेला. त्या दिवसांत तिला ताप होता आणि कापडाआडचं ऐकणं अर्ध्या झोपेत झालं होतं. आई समोर बसली होती. दिवा लावलेला नव्हता. हातात निवडायची भाजी, पण हात थांबलेले. डॉक्टर कपाटाची किल्ली शोधत होते आणि पुटपुटत होते की या घरात वस्तू हरवत नाहीत, त्या फक्त रुसून बसतात. मग ते थांबले. आणि त्या थांबण्यात आई हलकेच म्हणाली, "तुमच्याच खिशात बघा आधी." डॉक्टरांनी खिशात हात घातला.

"आई, कुणाशी बोलतेस?"

"कुणाशी म्हणजे? विचारल्यावर उत्तर द्यायला नको?"

तिनं दिवा लावला. आईनं डोळे मिटले, उजेडाला हात आडवा धरला, आणि मग एखाद्या जुन्या गोष्टीबद्दल बोलावं तशी बोलू लागली. पहिल्यांदा तिलाही वाटलं होतं की वय झालं, भास होतात. मग किल्लीचं आलं. मग गुळण्या करताना गाणं म्हणायची त्यांची ती घाण सवय आली. मग असं एक वाक्य आलं की ते पोरीसमोर सांगण्यासारखं नाही, आणि ते जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, त्यातलं एक गेलं. तेव्हा आईची खात्री पटली. भिंतीला कान असतात हे ती लहानपणापासून ऐकत आली होती, पण भिंतीला तोंड फुटलेलं तिनं पहिल्यांदाच पाहिलं, असं म्हणून आई हसली. तिला हसू आलं नाही. तिनं विचारलं की मला का नाही सांगितलंस. आई भाजी निवडू लागली.

"तू ऑफिसात सांगितलं असतंस."

"सांगावंच लागेल, आई. माझं काम आहे ते. ते आपलं घर ऐकत होते. मी त्यांच्यावर नजर ठेवते म्हणून ते माझ्यावर. मग ऐकलेलं वाया कशाला घालवा, म्हणून लेखकांना विकलं, नाहीतर फुकट दिलं. घरगुती बोलणं कसं अगदी खरं वाटतं, म्हणून मालिकेचं कौतुक चाललंय सगळीकडे."

"मग बंद होईल."

"होईल."

"आणि त्यांच्याकडे जे साठवून ठेवलंय, ते?"

"नष्ट करतात. बेकायदा असतं ते."

"ऐकून?"

"न ऐकता. तसा नियम आहे."

"कुणी केला असला नियम?"

तिनं केला होता. मसुद्यात आधी नुसतं नष्ट करावं एवढंच होतं. न ऐकता हे दोन शब्द तिनं भांडून घालायला लावले होते. चोरून आणलेलं ऐकणारा माणूस, मग तो कितीही सज्जन असो, चोरीत भागीदार होतो, असं ती बैठकीत म्हणाली होती आणि न्यायाधीशांनी टेबलावर बोटं वाजवून शाबासकी दिली होती. त्या दिवशी ती घरी सांगत आली होती, आणि वडील म्हणाले होते, या साहेब, आता आमचं घोरणं तरी सुरक्षित झालं म्हणायचं. तेही कुठेतरी साठवलेलं असेल. आईनं शेवटची काडी निवडली, कचरा ओंजळीत गोळा केला आणि उठता उठता म्हणाली, "त्या दुपारचं असेल ना गं त्यांच्याकडे?"

त्या दिवसापासून घर बदललं. खरं तर काहीच बदललं नाही. खुर्ची तीच, पंख्याचा खडखडाट तोच. सुट्टीच्या दिवशी तिनं दिव्यांच्या टोप्या उघडून पाहिल्या, फोन सोलला, कपाटामागे बॅटरी मारून पाहिली. कोळिष्टकं निघाली, वडिलांचा हरवलेला स्क्रू-ड्रायव्हर निघाला, बाकी काही नाही. पण आता ती स्वयंपाकघरात पाऊल टाकताना आपलं पाऊल ऐकू लागली. पाणी पिताना घशाचा आवाज होतो हे तिला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. आईशी बोलताना वाक्य तोंडातून बाहेर पडायच्या आत तिला दिसायचं, एखाद्या नटीच्या तोंडात, मागे संगीत. आई मात्र खुलली होती. ती मोठ्यानं बोलू लागली होती, नीट, शब्द न खाता, पाहुण्यांशी बोलावं तशी. कधी रिकाम्या खोलीत म्हणायची, आज गुडघा बरा आहे हो. आणि तिला स्वतःला सगळ्यात जास्त भीती वाटली ती कशाची, तर एका संध्याकाळी आपल्याला बरं वाटलं याची. वडील त्या दुपारी एकटे नव्हते. कुणीतरी होतं. हेडफोन लावून, चहाचा कप घेऊन, कुठल्यातरी बंद खोलीत बसलेला एक परका माणूस त्यांचा शेवटचा शब्द ऐकत होता. पोटच्या पोरीला जे मिळालं नाही ते त्याला पगारात मिळालं होतं. तिला त्याचा संताप यायला हवा होता. तिला त्याच्या पाया पडावंसं वाटत होतं.

आजोळचा माणूस नेमाप्रमाणे कक्षात आला तेव्हा तिनं ठरवलं होतं की चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. तो मऊ माणूस होता. गुळगुळीत दाढी, मऊ बूट, दार उघडल्याचासुद्धा आवाज न करणारा. कुणाच्याही लग्नात नवरीचा मामा म्हणून खपला असता. तिनं मालिकेच्या संवादांबद्दल विचारलं, अगदी वरवर, की हल्ली फारच जमून येतात, कोण लिहितं? तो म्हणाला की लोकांचं बोलणं लोकांकडूनच येतं ताई, आम्ही आपले गणवेशावरच्या टोप्या सरळ आहेत का तेवढं बघतो. मग चहा आला. त्यानं साखर ढवळली, चमचा कपाला न लागू देता. आणि आईची प्रकृती विचारावी तशा सुरात म्हणाला,

"डॉक्टरांचा शेवट जवळ आलाय. पुढच्या आठवड्यात तो भाग पाठवतो तुमच्याकडे. दुपारी जातात. घरात कुणी नसतं."

तिनं आपला कप बशीत ठेवला.

"शांतपणे ऐका. घाई नाही. मग तुम्हाला वाटलं तर मंजूर करा, नाही वाटलं तर नका करू. आम्ही काय, तुमच्या शब्दाबाहेर नाही."

म्हणजे ताकाला येऊन भांडंही लपवलं नाही त्यानं. भांडं टेबलावरच ठेवलं, तिच्यापुढे, काठोकाठ भरलेलं. प्यायचं, आणि मग जन्मभर तोंड पुसून गप्प बसायचं. तो गेल्यावर तिनं त्याचा कप उचलला तर आतला चहा तसाच होता. त्यानं नुसता ढवळला होता.

तो आठवडा तिनं कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. न्यायाधीशांच्या दारापर्यंत ती रोज जायची, आणि रोज त्यांना छत्री आणलीत का, जेवलात का असलं काहीतरी विचारून परत यायची. आई काही विचारत नव्हती. पण ताटात वाढताना, केस विंचरताना, आईची नजर तिच्या कानांकडे जायची, जणू ऐकलेलं तिथे कुठेतरी चिकटून येणार होतं. तिला वडील आठवत होते, पण आता आठवण्यातही खोट आली होती: त्यांचा चेहरा यायचा, ओठ हलायचे आणि बाहेर पडायचा तो त्या नटाचा घसा साफ केलेला आवाज. मूळ आवाज कसा होता? थोडा फाटका, वाक्याच्या शेवटी वर जाणारा? की तेही कुठल्यातरी मालिकेतलं? ती लहान असताना एकदा वडील तिला लिफ्टच्या विहिरीत डोकवायला घेऊन गेले होते. वर काळोख, खाली काळोख, मधे लोंबणारे तेलकट दोर. घाबरलीस? त्यांनी विचारलं होतं. मग खाली वाकून ते त्या काळोखात स्वतःचं नाव ओरडले होते, आणि ते नाव वर येताना वेगळंच कुणाचं तरी होऊन आलं होतं. त्या वेळी ती हसली होती.

भाग आला. तिनं खोलीचं दार लावून घेतलं, आवाज बंद केला आणि बघायला बसली. डॉक्टरांचं घर, दुपारचं पिवळं ऊन, रिकाम्या खुर्च्या. डॉक्टर येऊन बसले. एका पायात सपात होती. दुसरी पालथी पडलेली. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आईनं फोनवर मावशीला सांगितलं होतं, रडत, त्याच स्वयंपाकघरातून. कॅमेरा नटाच्या चेहऱ्याजवळ गेला. त्यानं मान दाराकडे वळवली आणि त्याचे ओठ हलू लागले. तिला वाटलं होतं एखादी हाक असेल, एखादा शब्द. पण ओठ हलतच राहिले. तो काहीतरी सांगत होता, समजावत होता, मधेच थांबून पुन्हा आठवून सांगत होता, बराच वेळ, रिकाम्या दाराला. शेवटी तो हसला. मग मान कलली. वडील इतकं बोलले? कुणाशी? काय राहिलं होतं एवढं सांगायचं, जन्मभर एका छपराखाली राहून? तिच्याबद्दल होतं का त्यात काही?

मग तिनं उठून काळं कापड आणलं, झटकलं, टीव्हीवर टाकलं, चारी बाजूंनी नीट ओढलं. आवाजाच्या बटणावर बोट ठेवलं. फक्त फिरवायचं होतं. खोलीत कुणी नव्हतं, आणि असतं तरी काय, हे तर तिचं कामच होतं. बोट तिथेच राहिलं. तिचं मन ओरडत होतं की फिरव. आणि त्याच वेळी, कापडाखालच्या त्या चौकोनी उंचवट्याकडे बघताना, तिला वाटलं की आत कुणीतरी तिच्यासारखंच श्वास रोखून बसलं आहे, ती फिरवते का हे ऐकायला. तिनं बोट काढलं. तशीच बाहेर आली आणि न्यायाधीशांच्या खोलीत जाऊन, न बसता, सगळं सांगून टाकलं. किल्ली, पेटी, सपाता, मऊ माणसाचा न प्यायलेला चहा. वाक्यं एकामागून एक बाहेर पडली, कोरडी, दुसऱ्याच्या घराबद्दल बोलावं तशी.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. काचा पुसून पुन्हा घातला. आदेश त्यांनी तिथेच लिहवून घेतला: त्या घरातलं जे जे साठवलं असेल ते सगळं, आणि त्यावरून केलेला तो भाग, आजच्या आज, दोन साक्षीदारांसमोर, न ऐकता नष्ट करावं. सही करताना त्यांनी वर पाहिलं.

"तुला ऐकायचं नव्हतं का?"

"होतं," ती म्हणाली.

संध्याकाळच्या आत निरोप आला की काम झालं. न्यायाधीशांचे दोन साक्षीदार स्वतः उभे होते. पेट्यांमधून काय काय निघालं आणि ते यंत्रात कसं भुगा होऊन पडलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. घरावरचा कानही काढून घेतल्याचं आजोळनं कळवलं, दिलगिरीसह. सगळं रीतीप्रमाणे झालं होतं. तिनं रीतीप्रमाणे खोली आवरली, कापडाची घडी घातली आणि घरी आली. घरी आई टेबलापाशी बसली होती. समोर दोन ताटं, झाकलेली. आईनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खुर्चीची कड धरली.

"ऐकलंस?"

आता खरं सांगायचं. न ऐकता नष्ट झालं आई, मीच करायला लावलं, आता जगात कुठेच नाही. एवढंच सांगायचं होतं. पण खुर्चीची कड धरलेल्या आईच्या मुठीत लांबच्या लाँड्रीची पावती चुरगळलेली होती.

"हो," ती म्हणाली.

"काय म्हणाले?"

पंखा खडखडत होता. तिनं वडिलांना आठवायचा प्रयत्न केला, आणि त्या नटाला बाजूला सारून, फाटक्या, शेवटी वर जाणाऱ्या आवाजासाठी मनात जागा केली. वाक्य आपोआप आलं. इतकं सहज आलं की तिलाच भीती वाटली.

"म्हणाले, सावकाश ये गं. मी दार लावून घेतो."

आईचा चेहरा हलला नाही. ती ते वाक्य मनातल्या मनात तपासत होती, कापडाच्या दुकानात पोत बघावा तसं, बोटांत धरून.

"एवढंच?"

"आणि हसले." हे खरं होतं. हे तिनं पाहिलं होतं.

तेव्हा आई रडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, तोंडात पदराचा बोळा न कोंबता, मोकळी, नाक ओढत. रडता रडता म्हणाली की सावकाश ये म्हणाले, म्हणजे माहीत होतं त्यांना मी भांडायला गेलेय, आणि मी भांडायला गेले की वेळ लागतो हेही माहीत होतं. रागावले नव्हते. मग तिनं डोळे पुसले, ताटांवरची झाकणं काढली आणि म्हणाली की निवलं सगळं. त्या रात्री आई गाढ झोपली. दुसऱ्या दिवशी ती जवळच्या, जुन्या लाँड्रीत गेली आणि लाँड्रीवाल्याला कपडे देऊन, दोन शब्द बोलून परत आली. खोटं बोलून एवढं मिळत असेल, तर खरं बोलून आजवर काय मिळवलं, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं ते मनातच ठेवलं.

मालिका आजोळच्या मदतीशिवाय संपवावी असं ठरलं होतं. शेवटचा भाग निर्मात्यांनी घाईघाईनं पुन्हा चित्रित केला. मदत नाही, तर तपासणीही नाही. तो भाग कक्षात आला नाही. त्यामुळे तिनं तो सगळ्या जगाबरोबरच पाहिला, घरी, आईशेजारी बसून, चित्र आणि आवाज एकत्र. किती वर्षांनी असं बघत होती ती. पिवळं ऊन होतं, रिकाम्या खुर्च्या होत्या. डॉक्टर येऊन बसले. पण या वेळी कॅमेरा मागे होता. ओठ दिसत नव्हते, चेहरा दिसत नव्हता. फक्त पाठ, पांढरे केस आणि पलीकडे अर्धवट उघडं दार. डॉक्टरांनी घसा साफ केला नाही. फाटक्या, शेवटी वर जाणाऱ्या आवाजात ते म्हणाले,

"सावकाश ये गं. मी दार लावून घेतो."

आणि हसले. आणि मग ती मोकळी जागा आली. संगीत नाही, काही नाही, नुसती वाट बघणारी शांतता.

"आलेच," आई म्हणाली.

तिनं आईकडे पाहिलं. दाराचं ते वाक्य तिनं या घरात, या टेबलापाशी, एकदाच उच्चारलं होतं, आदेशावर सही झाल्यानंतर, सगळा भुगा झाल्यानंतर, कान काढून घेतल्यानंतर. त्याच्याआधी ते कुठेच नव्हतं. वडील जे बोलले होते, ते लांबलचक, मधेच आठवून सांगितलेलं, ते काय होतं ते आता कुणालाच कळणार नव्हतं. आणि त्याच्या जागी तिचं वाक्य बसवलेलं होतं, घराघरांत, कायमचं. आजोळनं तिला काहीतरी परत पाठवलं होतं. तिच्याकडे आता घरावरचा कान काढला नसल्याचा पुरावा होता, असा की जगातलं कुठलंही न्यायालय नाही म्हणू शकलं नसतं. फक्त तो मांडायचा तर आधी एक गोष्ट मोठ्यानं सांगावी लागणार होती, की हे वाक्य माझं आहे, त्यांचं नाही. आणि ती सांगितली की ते आईच्या कानावर जायचं.

पडद्यावर नावं वर सरकत होती. आईनं तिचा हात हातात घेतला. आईचा तळवा गरम होता, भाकरीसारखा, आणि चेहरा निवलेला होता.

"बघ, शब्दाला शब्द. अगदी तू सांगितलंस तसंच," आई म्हणाली. "असंच म्हणाले ना गं ते?"

तिनं तोंड उघडलं. पंखा खडखडत होता, नळ ठिबकत होता, आणि घर ऐकत होतं. तिनं तोंड मिटलं आणि नुसती मान हलवली. मान हलवल्याचा आवाज होत नाही.